बाप्तिस्मा न झालेली म्हैस

माझ्या सासूला एक अक्षर वाचता येत नव्हतं, आणि अख्खं शास्त्र आपल्याला पाठ आहे असं तिचं मत होतं.

विंझरच्या वरच्या अंगाला डोंगरात आमची वाडी. वाडीत ख्रिस्ती घर एकच, आमचं. सासू-सासऱ्यांनी माझ्या लग्नाआधीच बाप्तिस्मा घेतला होता. मी आले तेव्हा सासरे वारलेले. पुढे लढाईच्या दिवसांत नवरा पलटणीत गेला. घरात उरलो आम्ही दोघी, माझी तान्ही मुलगी आणि म्हैस.

मी भोरची. बाप मिशनच्या बंगल्यावर माळी, म्हणून चौथीपर्यंत शाळा झाली. सासूने मला पसंत केलं ते वाचता येतं म्हणून. रंगरूपासाठी नव्हे, हे तिने स्वतःच सांगून टाकलं होतं. दिवेलागणीला मी वाचायचं, तिने ऐकायचं. तिच्या आवडीचा भाग ठरलेला. येशू रानात उपाशी असतो, सैतान त्याला मोहात पाडायला येतो, आणि येशू दर वेळी ‘असं लिहिलं आहे’ म्हणून त्याचं तोंड बंद करतो. सासूला ही युक्ती फार पटली होती. ती कुठेही वापरायची.

“चुलीवर दूध ठिवून अंगणात गप्पा हाणू ने, असं लिहिलंय.”

“कुठं लिहिलंय, आत्याबाई?”

“वाचता तुला येतंय का मला? हुडक.”

त्या साली नाताळाला आम्ही भोरला गेलो तेव्हा मिशनच्या पाद्रीबाईने सासूला पांढरं लुगडं दिलं. भोरच्या देवळातल्या सगळ्या ख्रिस्ती बाया पांढरं नेसतात, हे हिने पाहून ठेवलं होतं. घरी आल्यापासून अंगावरून ते उतरेना. शेजारची मावशी तिला पादरीणबाई म्हणून चिडवायची. मावशी माझ्या सासूची लहानपणापासूनची मैत्रीण. देवऋषी, भगत, उतारे, सगळं करणारी. पण जीव लावणारी. दोघी दिवसातून एकदा तरी भांडायच्या आणि त्याशिवाय दोघींना जेवण जात नसे.

नाताळ झाला आणि म्हैस आटली. आटली म्हणजे, कास भरलेली दिसायची, पण पान्हा सोडेना. तिचं रेडकू आधीच मेलं होतं. तरी सासू धारेला बसली की ती मुकाट दूध द्यायची, दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देत नसे. आता सासूलाही लाथ. आंबोण खाऊन लाथ.

एरवी आम्ही कोरा चहा प्यालो असतो. पण मी तापातून उठले होते, माझं दूध गेलं होतं. मुलगी अजून बसतही नव्हती. तिचं सगळं त्या म्हशीवर. वाडीत दुसरं दुभतं जनावर नाही, मावशीची गाय गाभण. पेजेचं पाणी पाजलं की पोर थोडा वेळ फसायची, मग खरं काय ते तिला कळायचं.

मावशी कुंपणाशी आली. “नजर लागलीया. भगताकडनं काळा दोरा मंतरून आणते, बिब्बा ओवून. गळ्यात बांधला की झालं.”

“आमच्यात चालत न्हाई,” सासू म्हणाली.

“तुमच्यात न्हाई चालत. पर मी म्हशीला बांधतेय. म्हशीचा कुठं बाप्तिस्मा झालाय?”

सासूने माझ्याकडे पाहिलं. मला काही वचन आठवलं नाही. खरं सांगायचं तर मावशीचं म्हणणं मला चोख वाटलं होतं.

“म्हस माझ्या दावणीला हाय,” सासू शेवटी म्हणाली. “माझ्या दावणीला दोन धनी न्हाई चालायचे. असं लिहिलंय.” हे मात्र जवळपास लिहिलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हशीने अशी लाथ घातली की चरवी एकीकडे, सासू शेणात. पांढरं लुगडं धुऊन कुंपणावर वाळत घातलं आणि सासू जुनं हिरवं, ठिगळांचं नेसली. दुपारी आम्ही पाण्याला गेलो. संध्याकाळी ती धारेला बसली, आणि म्हैस पान्हावली! चरवी भरली. मुलगी प्याली, ढेकर दिला, झोपली. मी रडले, सासूने देवाचे आभार मानले. मग म्हशीच्या गळ्याखाली खाजवायला हात घातला तर काळा दोरा, बिब्ब्यासकट.

मावशी कुंपणापलीकडे उभीच होती. “मग? कुणाचा द्येव पावला, पादरीणबाई?”

सासूने विळा मागितला.

दूध येतंय आणि ही दोरा कापायला निघाली! मी शास्त्र पुढे केलं. “आत्याबाई, देवाची परीक्षा पाहू नये असं लिहिलंय. येशूनंच म्हटलंय, तुमच्या आवडीच्या भागात.”

“देवाची कुठं बघतेय? दोऱ्याची बघतेय.”

“लेकरानं भाकर मागितली तर बाप धोंडा देत न्हाई, असं पण लिहिलंय. मावशीच्या हातानं देवानंच दिलं असंल.”

“सैतान बी रानात वचनंच सांगत हुता,” ती म्हणाली. “चौथी पास असंल.”

आणि दोरा कापला.

सकाळी, मोहावर मात केली म्हणून, ती वाळलेलं पांढरं लुगडं नेसून धारेला बसली. थेंब नाही. उलट लाथ. घरात मुलगी ओरडत होती. मावशी दुसरा दोरा मुठीत घेऊन आली. या वेळी ती हसत नव्हती. “बाय, हट सोड. पोरीकडं बघ.”

सासू गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली. तिचा चेहरा उतरला होता. मला म्हणाली, “बघ काय लिहिलंय.” हुकूम नव्हता तो. ती विचारत होती.

मला देवाचा राग आला होता. मावशीची मूठ माझ्यापासून हातभर अंतरावर होती, आणि सासू मला अडवणार नव्हती, हे मला दिसत होतं. तरी मी आत जाऊन पुस्तक आणलं, आणि शाळेत पाठ करून घेतलेला एक भाग काढला. अंजीर फुलला नाही, शेतात पिकलं नाही, गोठ्यात गुरं उरली नाहीत, तरी मी परमेश्वरात आनंद करीन, असा.

सासूने ऐकून घेतलं. “गुरं न्हाईत, ते ठीक. हितं म्हस हाय, खातीया आन् देत न्हाई. त्याचं काय लिहिलंय?”

मावशीला हसू फुटलं. मलाही. पोर आत रडतेय आणि आम्ही तिघी उंबऱ्यावर हसतोय. हसताना माझ्या मनातलं काहीतरी ढिलं झालं. मी म्हणाले, “मावशी, दोरा घरी न्या. आज पेजेचं पाणी पाजू. उद्याचं उद्या.” आनंद वगैरे मला होत नव्हता. पण वाचलं मीच होतं, आणि वाचून लगेच हात पुढे करायचा, हे मला जमलं नाही.

सासू उठली. “शेण तसंच पडलंय,” म्हणाली, पांढरं लुगडं सोडून खुंटीला अडकवलं, जुनं हिरवं नेसली आणि पाटी घेऊन गोठ्यात शिरली. म्हशीने मान वळवली, पदर हुंगला आणि हंबरली. सडांतून दूध आपोआप टपकायला लागलं.

“चरवी! चरवी आण, बया!” सासू पाटीसकट खाली बसली.

मी चरवी दिली. मग खुंटीकडे पाहिलं. मावशीनेही पाहिलं. नाताळापासून आमच्या गोठ्यात रोज एक अनोळखी पांढरी बाई शिरत होती. जनावराने काय करावं?

“म्हंजे माझा दोरा बी न्हाई आन् तुझा द्येव बी न्हाई,” मावशी म्हणाली. “लुगडंच!”

“लुगडं सोडायला कुणी लावलं?” सासू धार काढता काढता म्हणाली.

“शेणानं.”

मला एवढंच ठाऊक आहे की मी मावशीला घरी जायला सांगितलं तेव्हा दूध नव्हतं.

मुलीचं पोट भरल्यावर सासूने तांब्याभर दूध मावशीच्या घरी पाठवलं. पांढरं लुगडं त्यानंतर फक्त रविवारी निघे, तेही धार झाल्यावर. म्हशीपुढे मिरवू नये असं लिहिलंय, ती म्हणायची. मी अजून हुडकतेय.