आबांच्या झोपेतली ‘बाजू!’

दिवसा साप आणि रात्री माणूस असणाऱ्या नवऱ्याची कथा अनेक पाठांत सांगितली जाते. काही पाठांत बायको त्याची कात जाळते आणि तो कायमचा माणूस होतो. काहींत कात जळते आणि नवराही जातो. तिसरा पाठ मला बेलापूरच्या आमच्या पार्किन्सन्स गटात मिळाला. दर शनिवारी दुपारी आम्ही सोसायटीच्या हॉलमध्ये जमतो. तिथे किस्से साठतच जातात. ज्यांना झोप नसते, त्यांच्याजवळ सांगायला रात्र असते.

*

पहिला किस्सा घरचाच. माझी पत्नी सुधा हिचं अंग या आजाराने इतकं ताठरलं, की अंथरुणात कूस बदलणंही तिला जमेना. चादर निसरडी असली की वळणं सोपं जातं, असं कळल्यावर मी सॅटिनची आणली. तिने तीवरून हात फिरवला.

“चाळीस वर्षांत पहिल्यांदा सॅटिन आणलंत, तेही मी पाठ फिरवावी म्हणून!”

*

निवृत्त हेडक्लार्क कर्णिकांना दिवसा कुठेही झोप लागते. गटातल्या माझ्या लोककथांवरच्या व्याख्यानात ते चक्क घोरले आणि टाळ्यांनी दचकून उठत म्हणाले, “मंजूर!”

मग ओशाळून, “सर, राग मानू नका. ऑफिसातही डोळा लागायचा. तेव्हा लोक त्याला अनुभव म्हणायचे!”

सगळे हसले. त्यांची मुलगी हसली नाही. दूध गॅसवर ठेवून ते असेच झोपले होते. आता कामावर जाताना ती रेग्युलेटर काढून पर्समध्ये नेते.

*

आबा मूळचे साताऱ्याचे. वाशीच्या बाजारात त्यांनी आयुष्यभर पाठीवर पोती वाहिली. आता दिवसा त्यांचा आवाज इतका क्षीण असतो, की त्यांच्या पत्नी हिराबाईंना त्यांच्या तोंडाशी कान न्यावा लागतो. झोपेत मात्र तो आवाज परततो. गर्दीतून वाट काढणारी हमालाची हाक, “बाजू! ए, बाजू!” आणि पाठोपाठ स्वप्नातलं पोतं उचलायला हात सुटतात.

“वरच्या मजल्यावरचे भांडायला आले,” हिराबाई सांगत होत्या. “म्या म्हटलं, तुमाला ऐकू गेलं? लई ब्येस!”

“आणि हात लागत नाही?” सुधाने विचारलं.

“बाजू म्हटलं की मी भिंतीकडं सरकते. मालक सांगूनच उचलत्यात!”

*

डॉक्टरांनी झोप शांत करणारी गोळी लिहून दिली. हिराबाईंनी ती कपाटातच ठेवली.

“द्या की हो,” सुधा म्हणाली.

“हात थांबतील, ताई. पर हाक बी थांबंल. दिवसाचा आवाज तर गेलाच हाय.”

*

मागच्या शनिवारी हिराबाई उजवा हात प्लास्टरमध्ये घालून आल्या. आबांनी जन्मात त्यांच्यावर हात उगारला नव्हता. सर्वांदेखत त्या म्हणाल्या, “न्हाणीत घसरले.” चहाच्या टेबलापाशी सुधाला हळूच म्हणाल्या, “त्या राती बाजू म्हटलंच न्हाई, ताई. गोळी चालू केली. आता गप झोपत्यात.”

त्या आबांजवळ परतल्या, तेव्हा आबांचे ओठ हलत होते. हिराबाईंनी कान जवळ नेला.

“काय म्हणतायत आबा?” कर्णिकांनी विचारलं.

“म्हनत्यात, घसरलीस तर मला हाक का न्हाई मारलीस.”

हिराबाईंनी डाव्या हाताने त्यांच्या बशीत चहा ओतला.