चिंधी बांधलेला दोडका

ऐन थंडीत पाऊस आला आणि गच्चीवरच्या वेलाची फुलं कुजून गळली. यंदा एकच दोडका धरला. मी लगेच त्याला लाल चिंधी बांधली. बियाण्यासाठी राखलेल्या फळाला आमच्याकडे अशी खूण करतात, म्हणजे कुणी ते तोडत नाही.

हे होते तोवर मात्र दरवर्षी तोडायचे.

"चिंधी दिसली नाही का?" मी विचारायची.

"दिसली. पण फार कोवळा होता गं," म्हणत ते स्वतःच त्याच्या शिरांची चटणी करायला घ्यायचे. बियाण्यासाठी मला पुन्हा बहिणीला फोन करावा लागे. ऋतू तेव्हा वेळेवर यायचे, आणि मी या माणसावर चिडत बसायची. राहू दे म्हणून चिंधी बांधावी असं खरं तर कितीतरी असतं. आपल्याला सुचतं ते दोडक्यालाच बांधायचं.

आता पाऊस कधीही येतो. कधी काय पेरावं, कळत नाही.

आज तो दोडका हलवून पाहिला. पार वाळलाय. आत बिया खुळखुळतात. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी त्याला हात लावला नाही.