बघा हं, राजे पडणार!

"बघा हं, राजे पडणार!" एवढं म्हणून ते हातातली वेताची छडी पडद्याकडे रोखायचे, आणि पडद्यावरचा जाड्या खरोखरच चुन्याच्या बादलीत बसायचा.

मुलांनो, हे आमच्या टॉकीजचे दुभाषे. इंग्रजी सिनेमा लागला की पडद्याच्या उजव्या अंगाला उभं राहून संवाद मराठीत सांगायचे. जवळच्या दापोरा गावाहून सायकलवर येत. धोतरावर केळीच्या चिकाचे काळे डाग.

संस्थानं विलीन होत होती तेव्हाची गोष्ट. दुभाष्यांनी सिनेमातल्या जाड्याला राजा केलं, त्याच्या जोडीदार लुकड्याला दिवाण. राज्य गेलं, म्हणून दोघं आता लोकांची घरं रंगवतात! शिडी डगमगली की दिवाण म्हणे, "सरकार, उतरा खाली. गादी तर गेली, आता शिडी पण जाईन!" आमच्या गावातल्या लालबाग वस्तीची मंडळी बाकं बडवत.

कुणीतरी मालकांचे कान भरले, की या गृहस्थांना इंग्रजीचं अक्षर येत नाही. मी नुकतीच नागपूरहून बी.ए. होऊन मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवू लागले होते. मालकांनी मला रविवारी दुपारच्या खेळाला बसवलं. "बाई, सही सांगत असेल तर ठेवतो. नाही तर आजच छुट्टी."

मी वही-पेन्सिल घेऊन बसले. जाड्या टोपी काढून घरमालकिणीला म्हणाला, आज हवा छान आहे. दुभाषे म्हणाले, "वहिनी, भिंत राहू द्या, आधी जेवायला वाढा. तीन दिवसांपासून राजवाड्याची चूल बंद आहे!" मी फुली मारली. मग दुसरी. सातव्या फुलीला शिडी गर्रकन फिरली, पेन्सिल कुठेतरी गेली, आणि मुलींना तोंड मिटून हसायला शिकवणारी मी पदर तोंडात कोंबून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

मध्यंतरात मालक आले. "काय बाई?"

दुभाषे छडी छातीशी धरून माझ्या वहीकडे बघत होते.

"अक्षर न् अक्षर बरोबर," मी म्हणाले आणि वही मिटली.

मालक गेल्यावर ते जवळ आले. "बाई, तो जाड्या वहिनीला खरं काय म्हणला?"

"आज हवा छान आहे."

"बस? एवढंच?" त्यांना फार वाईट वाटलं. "बिचारे!"

ते जाऊन खूप वर्षं झाली. परवा मी तुमच्याकडे आले होते तेव्हा तुम्ही तोच सिनेमा टीव्हीवर लावलात. प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येत होता. टीव्हीच्या उजव्या अंगाची जागा मात्र रिकामी. शिडी डगमगली, तशी मी न राहवून काठी उचलली.

"बघा हं, राजे पडणार!"

"आजी, कुठले राजे?" तुम्ही विचारलंत.

तोवर ते पडलेही होते.