आईंनी नाव घेतलं नाही

माझ्या सासूबाईंना, मधुमती दांडेकरांना, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीबाहेर कुठे न्यायचं म्हणजे आधी त्यांचं स्वयंपाकघर न्यावं लागे. नॉटिंगहॅमला एका रात्रीसाठी लग्नाला गेलो तरी पिशवीत मिसळणाचा डबा, पोळपाट आणि चहाची गाळणी असायचीच. हॉटेलात त्या जेवत नसत. कोणाच्या हातचं, कधीचं, काय सांगावं? म्हणून १९९३च्या उन्हाळ्यात माझ्या नवऱ्यानं, उदयनं, अमेरिकेत मोटारहोम भाड्यानं घेऊन हिंडायचं काढलं तेव्हा मला ती त्याच्या आयुष्यातली पहिली शहाणपणाची कल्पना वाटली. गॅस, फ्रिज, पलंग, संडास, सगळं चाकांवर. ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर,’ असं मी म्हटलं, त्यावर सगळ्यात जास्त आईच हसल्या.

आई लग्न होऊन कॉव्हेंट्रीला आल्या त्या फोल्सहिल भागातल्या ज्या घरात उतरल्या, त्याच घरात राहिल्या. बाबा, म्हणजे माझे सासरे श्रीनिवास दांडेकर, मोटारींच्या कारखान्यात फिटर होते. आई शाळेत डिनर लेडी, म्हणजे पोरांना दुपारचं जेवण वाढणाऱ्या. पोरं त्यांना मिसेस डी म्हणत. कोणी ताटातले वाटाणे बटाट्याखाली लपवले तर त्यांना हॉलच्या दुसऱ्या टोकावरून कळायचं, पण रागावायच्या नाहीत, नुसत्या जवळ जाऊन उभ्या राहायच्या. मी पुण्याहून सून म्हणून आले तेव्हा मलाही त्यांनी असंच वळण लावलं. भांडायला काही हाती लागूच द्यायच्या नाहीत, याचा मला फार राग यायचा.

अलीकडे, दोघंही निवृत्त झाल्यावर, त्या तीच गोष्ट परत परत सांगायच्या. पण सासूनं तीच गोष्ट दहादा सांगणं हा काही आजार नाही, तो त्यांचा हक्क आहे, असंच मी धरून चालले होते. बाकी सगळं ठीक होतं. चहाचा डबा डाव्या हाताला, समोर लाल पोस्टबॉक्स, कोपऱ्यावर सरदारजींचं दुकान. त्यांचा दिवस त्यात सुरळीत चालायचा.

अमेरिकेत गाडी ताब्यात देणाऱ्या माणसानं आम्हाला पाण्याची टाकी, पंप, गॅस, विजेची तार असं सगळं समजावून सांगितलं. आम्ही चौघंही ‘येस, येस’ म्हणत राहिलो. चौघांनाही वाटत होतं की उरलेल्या तिघांना कळतंय. मग उदय चाकापाशी बसला, शेजारी बाबा. बाबा दर दोन मिनिटांनी ‘राइट, राइट’ म्हणत, म्हणजे उजव्या बाजूनं चालव. उदयला वाटे उजवीकडे वळ. त्यापायी आम्ही एका शाळेच्या आवारात, एका चर्चच्या मागे आणि एका गृहस्थांच्या अंगणात जाऊन आलो.

पहिल्या मुक्कामी नळाला पाणी नव्हतं. पंपाचं बटण आम्हाला दुसऱ्या दिवशी सापडलं, तेही आईंच्या पदरात अडकून चालू झालं म्हणून. त्यानंतर संडासाची टाकी रिकामी करायची वेळ आली. उदयनं पाइप लावण्याआधी दांडा ओढला. पुढचं मी लिहीत नाही. बूट तिथेच टाकून आला एवढं सांगते.

“आजपासून आतला टॉयलेट बंद,” तो म्हणाला. “सगळी माणूस बाहेरच्या टॉयलेट ब्लॉकमध्ये जाणार.”

जन्म कॉव्हेंट्रीचा. त्याचं मराठी सुधारायचं मी कधीच सोडून दिलंय. पण हा हुकूम मी मानायला नको होता, असं नंतर फार वाटलं. वाटून काय उपयोग.

कारण तोवर एक गोष्ट माझ्या डोळ्यांत खुपायला लागली होती. पहिल्या सकाळी आईंनी दार उघडलं आणि विचारलं, “अलका, पोस्टाचा डबा कुठे गेला गं?” मी म्हटलं, “आई, आपण अमेरिकेत आहोत ना.” “अगोबाई, विसरलेच की,” म्हणून हसल्या. आम्हीही हसलो. प्रवासाचा शीण, दुसरं काय. दुसऱ्या सकाळी गाव वेगळं, झाडं वेगळी, प्रश्न तोच. त्यानंतरच्या सकाळी त्यांनी काही विचारलं नाही. दाराच्या दोन्ही बाजू धरून समोरच्या तांबड्या डोंगराकडे बघत राहिल्या आणि दार हळूच लावून घेतलं. मी कणीक मळत होते, माझा हात थांबला. घरी त्या विसरत नव्हत्या असं नव्हतं, घरच त्यांना सगळं आठवून देत होतं. इथे आतलं सगळं कालचंच आणि दार उघडलं की जग निराळं. मी उदयला म्हटलं, तर तो म्हणाला, “जेटलॅग आहे.” बाबांना म्हटलं, तर त्यांनी ऐकूच आलं नाही असं दाखवलं.

यूटा राज्यातल्या एका कॅम्पग्राउंडवर आई सकाळी उठून एकट्याच ब्लॉककडे गेल्या, आणि आल्याच नाहीत.

आमच्या गाडीसारख्याच, त्याच कंपनीच्या, त्याच पट्ट्यांच्या गाड्या तिथे ओळीनं उभ्या होत्या. आम्ही तिघं तीन दिशांना पळालो. बाबा “मधू, अगं मधू” म्हणत टॉयलेटच्या दारांवर थापा मारत होते. लोक बघत होते. मला तर कोणाला काय विचारावं तेच सुचेना. साडी नेसलेली बाई पाहिलीत का, असं विचारलं तर आई गाउन आणि कार्डिगनमध्ये होत्या.

शेवटी एका जर्मन माणसानं मला हातानं खुणावलं. त्याच्या गाडीत आई शेगडीपाशी उभ्या होत्या. पातेल्यात चहा उकळत होता. त्याची बायको झोपेतून उठलेली, पांघरूण लपेटून पलंगाच्या कडेला बसलेली. आईंनी तिला मराठीत विचारलं होतं, “साखर कुठे ठेवलीस गं?” आणि तिनं काय समजायचं ते समजून साखरेचं पुडकं काढून दिलं होतं. त्या बाईचं नावही मला माहीत नाही, पण त्या साखरेबद्दल मी तिची जन्मभर ऋणी आहे.

बाबा धापा टाकत दारात आले. आई त्यांना बघून म्हणाल्या, “अहो, या ना. बसा. पाहुणे आलेत आपल्याकडे. चहा होतोच आहे.”

बाबा पायरीवर बसले. “बघ,” ते मला म्हणाले, “मला बघितलं आणि लगेच अहो म्हणाली. ठीक आहे ती. गाडी चुकली, कोणाचीही चुकेल.”

पण कॅम्पग्राउंड चालवणाऱ्या बाईनं डॉक्टरकडे न्यायचा आग्रहच धरला. जवळच्या गावात लहानसा दवाखाना होता. तरुण, हळू बोलणारे डॉक्टर. त्यांनी विचारलं, वर्ष कोणतं? आई म्हणाल्या, “डायरी बघायला हवी.” आपण कुठे आहोत? “कॉव्हेंट्री.” नोकरी करता का? आई म्हणाल्या, “हो तर. बाराला डिनर असतं. मला उशीर नको व्हायला.” उदय खिडकीबाहेर बघत होता. मी त्यांचा हात धरला होता, आणि त्या मलाच धीर द्यावा तसा माझा हात थोपटत होत्या.

मग डॉक्टरांनी बाबांकडे बोट दाखवून विचारलं, “आणि यांचं नाव काय?”

आईंनी बाबांकडे पाहिलं, मान खाली घातली आणि लाजून हसल्या.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. आई तशाच. तेव्हा बाबा खुर्चीत ताठ बसले आणि इंग्रजीत म्हणाले, “डॉक्टर, आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. कधीच नाही. लग्नापासून एकदाही घेतलेलं नाही. हे उत्तर बरोबर धरा.”

डॉक्टर हसले. त्यांनी ते बरोबर धरलं की नाही कोण जाणे. शीण असेल, काही जुनंही असेल, घरी गेल्यावर आपल्या फॅमिली डॉक्टरांना दाखवा, एकटं सोडू नका, एवढंच त्यांनी सांगितलं. परतीचं विमान आठवड्यावर होतं. आम्ही त्या प्रचंड गाडीत परत चढलो. कोणाला कुठे जायचं सुचत नव्हतं, म्हणून परत त्याच कॅम्पग्राउंडवर गेलो.

वाटेत बाबा एकच धोशा लावून होते. “वर्षाचं सोड. वर्ष मलाही आठवत नाही. नोकरीचं म्हणशील तर इतकी वर्षं केली, तोंडात बसलंय. पण माणूस ओळखते ना? माणूस ओळखतेय तोवर बाकी सगळं चालवून घेऊ.” उदय “येस, बाबा” म्हणत होता. मला त्या दोघांचाही राग येत होता आणि रडूही येत होतं.

दुपारी आईंना मी चहा करून दिला. मी आणि उदय बाहेर नळी लावून टाकीत पाणी भरत होतो. या वेळी नळी आधी लावली. खिडकी उघडी होती आणि त्या गाडीत कोणी कुजबुजलं तरी बाहेर ऐकू यायचं. बाबा आईंच्या समोर बसलेले दिसत होते.

“मधू,” बाबा म्हणाले, “आता इथे कोणी नाही. डॉक्टर नाही, पोरं नाहीत. एकदाच नाव घे. हवं तर उखाण्यात घे.”

आई हसल्या. “अहो, काहीतरीच काय तुमचं.”

“घे गं. माझ्यासाठी घे.”

उदयनं नळ बंद केला. मी त्याला आत जा म्हणणार होते, पण दोघंही नळी धरून तिथेच उभे राहिलो.

मग आईंनी कप खाली ठेवला, दाराकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज अगदी उतरवला. “तुम्ही भले दिसता म्हणून सांगते. कोणाला बोलू नका. मघाशी त्या डॉक्टरांपुढे मी लाजले नव्हते हो. मला यांचं नावच आठवेना. घरात कळलं तर जीव घाबरा होईल सगळ्यांचा. हे एकदा कामावरून आले ना, की त्यांनाच हळूच विचारून घेते.”

बाबांनी समोरचा कप उचलून परत आईंच्या हातात दिला, दोन्ही हातांनी, सांडू नये म्हणून. आणि आयुष्यभर त्यांना ‘अगं मधू’ म्हणत आलेले बाबा म्हणाले, “येतीलच ते एवढ्यात. तुम्ही चहा घ्या तोवर.”