देवानं परत पाठवलेल्या वाती

त्या दुपारी मी दत्ताच्या फोटोशी भांडत होतो. चौपन्न वर्षांचा, रक्तदाबाची गोळी घेतलेला माणूस, हातात आईनं परत केलेली वरणभाताची वाटी. चाळीस वर्षं तिनं तुझ्यासाठी वाती वळल्या, म्हटलं, आणि तुला एकदा विचारपूस करायला येणं होत नाही?

आई पुरानी बस्तीत राहायची, तिथल्या दत्ताच्या मंदिरात रोज संध्याकाळी जायची. सभामंडपात पाच म्हाताऱ्या बसून कापसातली सरकी काढायच्या, वाती वळायच्या आणि सुनांची निंदा करायच्या. उन्हाळ्यात तिथल्या पायरीवर तिचा पाय घसरला. हाड शाबूत राहिलं, पण मी घाबरलो, आणि घाबरलो की मी फार हुशार होतो. तिला समता कॉलनीत माझ्याकडे आणलं, बाहेर जाणं बंद केलं. वातींचं काय, असं तिनं विचारलं, तर गोल बाजारातून तयार वातींचं मोठं पाकीट आणून मंदिरात पोचतं केलं. "झालं तुझं काम, आता आराम कर," हे सांगताना मला स्वतःचं कौतुकसुद्धा वाटलं.

तिनं आराम केला. म्हणजे भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आधी बोलणं कमी झालं, मग जेवण. कपडे अंगावर लोंबायला लागले. रिपोर्ट सगळे उत्तम. फक्त आई दिवसेंदिवस खालावत होती. मी डॉक्टरांवर चिडलो, बायकोच्या स्वयंपाकावर चिडलो, आईवर तर रोजच.

"काहून खात नाहीस तू?"

"मले काय काम आहे बापा, भूक लागाले?"

तर त्या दुपारी फोटोशी भांडण रंगात आलेलं असताना बेल वाजली. दारात एक अनोळखी बाई, घामानं भिजलेली. मंदिराबाहेर फुलं विकते म्हणाली, इथल्या बोलीत. घर विचारत विचारत आली होती. एका हातात मी दिलेलं पाकीट, दुसऱ्या हातात कापसाचं गाठोडं.

"ए बाती नइ चलय भैया. दाई के हाथ के चाही. ओकर जगा खाली रखे हन." म्हणजे या वाती चालत नाहीत, आईच्या हातच्याच हव्यात, तिची जागा रिकामी ठेवली आहे.

मी तिच्यावरही चिडलो. "अम्मा बीमार है," म्हटलं.

"हाथ त बने हे न?" हात तर धड आहेत ना, असं म्हणत ती मला ओलांडून आत गेली. आईच्या उशाशी कापूस ठेवून खाली बसली. बऱ्याच वेळानं आईचा हात हलला. बोटांना एक सरकी लागली, मग दुसरी.

"कोणी आणला हा कापूस? नुसती सरकीच सरकी." आई उठून बसली. तासाभरानं तिनं वरणभात मागितला आणि तो गार आहे म्हणून मला झापलं. मी फोटोकडे पाहिलंच नाही. कोणत्या तोंडानं पाहणार?

याला कोणी चमत्कार म्हणो, न म्हणो. मी एवढंच म्हणतो की माझं पाकीट परत आलं. राग अजून आहे, पण आता तो बहुतेक माझ्यावरच. पायरीला कठडा बसवून घेतला. आईला कोंडण्याआधी हे सुचलं असतं तर! रोज तिला घेऊन जातो, आणि पाच म्हाताऱ्यांत सहावा होऊन बसतो. माझी बोटं ऐकत नाहीत. काल आईनं माझी वात समईत ठेवली, पेटवली, बराच वेळ पाहिली.

"वाकडी आहे," ती म्हणाली. "पण जळून राहिली. राहू दे."

मी हात जोडले.