कानामागचं चुंबक

वासंतीबाई त्रिभुवन यांचा डावा कान पस्तिशीतच गेला होता. उजवा मात्र एकेक आवाज सोडत सावकाश गेला. आधी चिमण्या गेल्या, मग फोनची घंटी, मग कुकरची शिट्टी. शाळेत तिसरीच्या वर्गातली मुलं काय म्हणतात ते कळेना, तेव्हा मुदतीच्या तीन वर्षं आधीच त्यांनी नोकरी सोडली आणि उज्जैनमधल्या माधव नगरातल्या घरात त्या गप्प बसून राहायला लागल्या.

गुरुवार तेवढा वेगळा असायचा. त्यांचे आजोबा नगर जिल्ह्यातून रेल्वेच्या नोकरीत उज्जैनला आले, तशी आणखी सात-आठ मराठी ख्रिस्ती घरं इथे रुजलेली. रविवारची उपासना हिंदीत व्हायची, पण गुरुवारी संध्याकाळी ही घरं कुणाकडे तरी जमून मराठीत प्रार्थना करायची आणि गीतं म्हणायची. सूर धरायच्या वासंतीबाई. कानात मशीन घालून, पेटीच्या लाकडावर तळवा टेकवून त्या गायच्या. त्यांना शब्द ऐकू येत नसत. पेटीचा खर्ज आणि नवऱ्याचा, प्रभाकररावांचा, जाड आवाज तेवढा कानात उतरायचा. तेवढ्यावर त्यांचं निभत होतं.

जानेवारीत एका सकाळी त्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या. प्रभाकरराव न्हाणीघरात होते. बराच वेळ झाला असं बाईंना वाटलं, पण त्यांना आंघोळीला वेळ लागतोच. मग दाराखालून पाणी वाहत आलं आणि त्यांच्या पायाला लागलं. आत प्रभाकरराव फरशीवर आडवे पडले होते. मनगट वेडंवाकडं झालेलं, ओठ निळे पडलेले. ते काहीतरी पुटपुटले. बाईंनी ओठ वाचले.

"पाऊण तास हाका मारतोय गं."

त्यांच्यात फक्त एक भिंत होती. प्रभाकरराव रागावले असते तर बाईंना सोपं गेलं असतं. ते रागावले नाहीत, आणि तेव्हापासून बाईंना एका जागी बसवेना. त्या दर पाच मिनिटांनी उठून नवऱ्याला बघून यायच्या. ते झोपले असले तर छातीवर हात ठेवून बघायच्या.

इंदूरला नोकरी करणारी लेक निहारिका आली आणि आईला इंदूरला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. कवटीच्या हाडात, कातडीखाली एक यंत्र बसवायचं. त्यातून बारीक तार कानाच्या आतल्या शंखापर्यंत न्यायची. बाहेर कानामागे दुसरं यंत्र, ते चुंबकाने डोक्याला चिकटून राहील. डाव्या कानाची नस फार वर्षं झोपलेली आहे, म्हणून उजव्या कानाचं करू.

"आणि उजव्यात आत्ता जे थोडं येतं ते?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी लिहिलं, "बहुतेक जाईल. नवीन ऐकणं यंत्राचं असेल."

बसमध्ये उज्जैनपर्यंत बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. कातडीखाली यंत्र. डोक्याला चुंबक. आणि देवाने दिलेलं होतं ते उरलंसुरलं आपल्याच हाताने टाकून द्यायचं.

दोन दिवसांनी नगरहून धाकट्या बहिणीचा, मंगलाचा, मेसेज आला. खाली एक व्हिडिओ होता. त्यात काळ्या पडद्यासमोर उभा राहून एक माणूस बोटं नाचवत होता आणि खाली अक्षरं सरकत होती. डोक्यात चिप घालतील, मग तुमच्यावर बायबलात सांगितलेली सैतानाची छाप पडेल, मग प्रभू तुम्हाला ओळखणार नाही. मंगलाने लिहिलं होतं, "ताई, तुझ्या पाया पडते, डोक्यात काही बसवून घेऊ नकोस. बहिरी राहिलीस तरी स्वर्गात ऐकशील."

फालतू आहे, असं प्रभाकररावांनी, उजवा हात प्लास्टरमध्ये असल्यामुळे डाव्या हाताने, बाईंशी बोलायच्या वहीत लिहिलं. बाईंनाही ते फालतूच वाटत होतं, पण प्रार्थनेला डोळे मिटले की तो बोटं नाचवणारा माणूस समोर यायचा. चाळीस वर्षं जिथे देवाशी रोज बोलल्या ती जागाच कुणी अडवून धरल्यासारखी झाली. गुरुवारी त्या पोट बिघडल्याचं सांगून घरी राहिल्या. लहानपणी आईने अंत्यकाळाच्या गोष्टी सांगितल्या होत्या. त्या सगळ्या आता रांगेने परत आल्या. त्या आरशात कानामागची कातडी ओढून बघायच्या आणि घाईने केस खाली सोडायच्या.

शेवटी एका मंगळवारी सकाळी त्या एकट्याच पास्टरसाहेबांकडे गेल्या. पास्टर छत्तीसगडकडचे, हिंदीत बोलणारे, बाईंपेक्षा वयाने लहान. बाईंनी मोबाइल पुढे करून व्हिडिओ दाखवला. पास्टरांनी तो पूर्ण बघितला, हसले नाहीत. मग वही मागून घेतली.

"ऑपरेशन करने वाले आपसे प्रभु को छोड़ने को कह रहे हैं?"

"नहीं."

"किसी और को पूजने को?"

"नहीं. बस कान का है."

"तो छाप कैसी, दीदी? वह तो दिल की बात है, किसके आगे झुकते हैं उसकी."

बाईंनी मान हलवली, पण त्या उठल्या नाहीत. खरा प्रश्न अजून विचारायचा होता. "और गीत? बाद में गीत सुनाई देंगे?"

पास्टरांनी पेन उचललं. त्यांनी लिहिलं, "पता नहीं." मग त्याखाली आणखी एक ओळ. "डर लगना पाप नहीं है. पर डर को अपना पादरी मत बनाइए."

बाई घरी आल्या. भीती तिळभरही कमी झाली नव्हती. पण त्यांनी निहारिकाला मेसेज केला, "तारीख घे."

मार्चमधल्या एका सोमवारी इंदूरच्या इस्पितळात त्यांच्या उजव्या कानामागचे केस काढले. ऑपरेशनच्या खोलीच्या दारात नर्सने कानातलं जुनं मशीन काढायची खूण केली. बाईंना ते काढवेना. तेवढ्यात प्रभाकरराव वाकले, हात अजून प्लास्टरमध्येच होता, आणि तोंड कानाशी नेऊन काहीतरी बोलले. शब्द कळले नाहीत. जाड, उबदार, ओळखीचा आवाज मात्र आला. आपल्या कानाने ऐकलेला हा शेवटचा, असं बाईंच्या मनात आलं, त्यांनी मशीन काढून दिलं आणि स्ट्रेचर आत गेलं.

जाग आली तेव्हा अर्धं डोकं बधिर होतं आणि खोली फिरत होती. पुढचे तीन आठवडे पूर्ण शांतता होती. पूर्वी निदान दार आपटलं तर काहीतरी व्हायचं. आता स्वतःचा खोकलासुद्धा नाही. जे होतं ते दिलं आणि हातात काहीच आलं नाही, असं त्यांना रोज वाटायचं. आंघोळ करताना बोट चुकून त्या उंचवट्यावर गेलं की अंगावर काटा यायचा.

यंत्र सुरू करायचा दिवस आला. निहारिकाने मोबाइलवर व्हिडिओ घ्यायची तयारी ठेवली होती. असे व्हिडिओ तिने बघितले होते, त्यात माणसं आनंदाने रडतात. ऑडिओलॉजिस्टने कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं. स्टीलच्या डब्यात खडे घालून कुणी कानाशी हलवावेत तसा आवाज आला. निहारिकाचे ओठ "आई" म्हणत होते आणि कानात सुया खणखणत होत्या. बाईंनी दोन्ही हातांनी ते यंत्र डोक्यावरून उपटून काढलं.

"बंद करा! हा माणसांचा आवाज नाही!"

मेंदूला शिकायला वेळ लागतो, रोज घालायचं, रोज सराव करायचा, असं लिहून दिलेला कागद घेऊन त्या घरी आल्या. यंत्राची डबी कपाटात साड्यांखाली गेली. मंगला सांगत होती ते खरंच होतं का? देवाचा आवाज आता कधी कळेल का? चार दिवस डबी तिथेच राहिली. प्रभाकररावांनी विषय काढला नाही. पाचव्या दिवशी नाश्त्याला पोह्यांवर शेव घालून त्यांनी बशी पुढे सरकवली, सोबत वही.

"मला तुझ्याशी बोलायचंय. लिहून लिहून हा हात पण मोडेल."

बाईंना हसू आलं आणि मग रडू आलं. त्या उठल्या, डबी आणली. चुंबक डोक्याशी नेताच ते खट्कन चिकटलं आणि त्या नेहमीसारख्या दचकल्या.

मग रोज सकाळी शाळा भरू लागली. प्रभाकरराव तोंडापुढे वर्तमानपत्र धरून भाज्यांची नावं घ्यायचे, बाई ओळखायच्या. भेंडी, कोबी, पालक. सगळ्या भाज्या पत्र्यावर घासल्यासारख्या. दुपारपर्यंत डोकं ठणकायचं. सतराव्या दिवशी कागदामागून खरखर आली आणि त्या खरखरीत एक शब्द उभा होता.

"गिलकी," बाई म्हणाल्या.

कागद खाली आला. प्रभाकररावांच्या डोळ्यांत पाणी होतं. "गिलकी," ते म्हणाले, "गिलकी, गिलकी." तिन्ही वेळा बाईंना कळलं.

पण गीतं परत आली नाहीत. जूनमध्ये त्या गुरुवारच्या सभेला गेल्या आणि पेटी वाजायला लागताच कुणी भांडी ओढत नेतंय असं त्यांना झालं. त्या मागच्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. महिन्याभरानंतर गीताचे शब्द कळायला लागले, चाल नाही. सूर धरायचं काम त्यांनी शेजारच्या जयूवर सोपवलं आणि त्या दिवशी घरी येऊन दार लावून रडल्या. पावसाळ्यात विजा चमकल्या की त्या यंत्र काढून ठेवायच्या. बॅटरी संपेल या धाकाने पर्समध्ये दोन जादा ठेवायच्या. स्टेशनवर धातू तपासणाऱ्या चौकटीतून जायच्या आधी त्या शिपायाला कानामागचं यंत्र दाखवायच्या.

मंगलाने तीन महिने मेसेजही केला नव्हता. मग एकदा फोनच केला. "ताई, माझा आवाज येतो?"

"येतो. बदकासारखा येतो."

मग मंगला म्हणाली, "मी फार घाबरले होते गं."

"मी पण. अजूनही घाबरते."

सप्टेंबरमध्ये इंदूरला तपासणीच्या बाकावर शेजारी एक तरुण बाई बसली होती. नाव रुखसार, उज्जैनजवळच्या भैरवगडची, घरी कापडावर छपाईचं काम. मांडीवर दोन-अडीच वर्षांची मुलगी. मुलीचं तेच ऑपरेशन ठरलं होतं. रुखसार बाईंच्या कानामागे एकटक बघत होती.

"आंटी, छू के देखूँ?"

वासंतीबाईंनी मान वळवली. थंड बोट चुंबकावर टेकलं आणि झटकन मागे गेलं.

"दर्द होता है?"

"दर्द कम," बाई म्हणाल्या. "डर बहुत."

"तो फिर क्या किया?"

"डर के साथ ही आ गई," त्या म्हणाल्या. "अकेली नहीं थी, इतना पता था."

ऑपरेशनच्या दिवशी त्या सकाळची बस धरून नानाखेड्याच्या बसस्टँडवरून इंदूरला गेल्या. रुखसारचा नवरा औषधं आणायला खाली गेला होता. बंद दारासमोर ती बाईंचा हात इतका घट्ट धरून बसली होती की बांगडी रुतत होती. बाईही घाबरल्याच होत्या. त्यांनी मनातल्या मनात मराठीत प्रार्थना केली. तो बोटं नाचवणारा माणूस आडवा आला नाही.

दार उघडलं. तोंडाला मास्क लावलेले डॉक्टर बाहेर येऊन दोन वाक्यं बोलले आणि परत आत वळले. रुखसार उभी राहिली होती, पण तिचा चेहरा कोरा होता. भीतीने तिच्या डोक्यात काही शिरलंच नव्हतं. तिने बाईंचा दंड धरला.

"आंटी, क्या बोले? क्या बोले वो?"

"बच्ची ठीक है," वासंतीबाई म्हणाल्या. "आधे घंटे में बाहर लाएँगे."