दहा पूर्णांक सात

खतीब सरांची चाचणी संपली की उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर, पेन्सिलीने, आपल्याला किती मार्क पडायला हवेत ते आपणच लिहायचं. तसा दंडकच होता त्यांचा. त्यांचे मार्क आणि आपला आकडा यांत दोनपेक्षा जास्त फरक पडला की स्टाफरूममध्ये बोलावणं. लातूरच्या त्या कॉलेजात बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलेल्या प्रत्येकाला ते एकदा तरी आलेलंच.

मी मुखेडहून आलेली, घरात कॉलेज पाहिलेली पहिलीच. नम्रपणा दिसावा म्हणून वीसपैकी आठ लिहिले. सरांनी पंधरा दिले होते. वाटलं, कौतुक करतील. कसलं काय! चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "कमी सांगणं बी खोटंच हाय, पोरी. तराजू लाजतो का कधी?" आणि अर्धा मार्क कापला. त्या अर्ध्या मार्काचा राग मी वर्षभर जपला. बाहीला आम्लाची भोकं पडलेला त्यांचा पांढरा शर्ट दिसला तरी मी जिना बदलायची.

तिसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा ऐन दुष्काळात आली. लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं. कार्यालयांवर नव्या पाट्या चढत होत्या आणि नळाला थेंब नव्हता. त्यातलंच एक कार्यालय पाणी तपासणीचं. तिथे सहायक रसायनतज्ज्ञाची जागा निघाली होती आणि मी अर्ज केला होता. अट एकच, त्याच वर्षी बी.एस्सी. पास व्हायला हवं. प्रॅक्टिकलला नापास झाले असते तर जागा गेलीच.

परीक्षेत सोड्याचं द्रावण आलं. ते शुद्ध पाण्याने चंबूवरच्या खुणेपर्यंत वाढवायचं, मग ब्युरेटच्या काचनळीतून थेंब थेंब आम्ल सोडायचं आणि रंग बदलेपर्यंत किती मिलिलिटर लागलं ते लिहायचं. उत्तर दहा येतं, हे आधीच्या बॅचने सगळ्यांच्या कानात सांगून ठेवलेलं. माझं आलं दहा पूर्णांक सात. पुन्हा केलं, तेच. तिसऱ्यांदाही तेच. शेजारच्या टेबलावरची सुनंदा कुजबुजली, दहा लिही आन् मोकळी हो. माझाही हात तिकडे वळला होता, खोटं कशाला सांगू? पण तीनदा दिसलेला आकडा पुसायचा धीर झाला नाही.

बाहेरगावाहून आलेले परीक्षक माझा कागद पाहून हसले. अकरा जणांचे दहा आणि एकटीचे दहा पूर्णांक सात. अचूकतेला त्यांनी शून्य दिलं, म्हणजे मी नापासच. मला तिथेच रडू फुटलं.

खतीब सर पुढे आले. त्यांनी टेबलावरची शुद्ध पाण्याची बाटली उचलली आणि प्रयोगशाळेत काहीही तोंडात घालू नका असं तीन वर्षं बजावणाऱ्या या माणसाने सरळ घोटभर पाणी चाखलं. तोंड वाकडं झालं. शुद्ध पाणी बनवायच्या यंत्रातली वाफ थंड करायला वाहता नळ लागतो. तो बंद, म्हणून शिपायाने बाटल्या बोअरच्या पाण्याने भरल्या होत्या. त्या पाण्यातले क्षारही आम्ल खात होते. सरांनी परीक्षकांसमोर उभं राहून सगळा प्रयोग तीनदा केला. तिन्ही वेळा दहा पूर्णांक सात.

"बाटल्या मी बघायला पाहिजे होत्या, ते राहून गेलं," ते म्हणाले. "शून्य द्यायचं असलं तर मला द्या. हिनं दिसलं ते लिहिलं."

हे लेखी द्यावं लागेल, असं परीक्षकांनी बजावलं. सरांनी तिथेच कागद ओढला. मला पूर्ण मार्क मिळाले. उरलेल्या अकरा जणांसाठी दवाखान्यातून शुद्ध पाणी आणलं, दुसऱ्या दिवशी नवं द्रावण दिलं, उत्तर कुणालाच ठाऊक नसलेलं. सगळे पास झाले, तरी सुनंदा महिनाभर माझ्याशी बोलली नाही. सरांना मेमो मिळाला आणि त्यांच्याकडचं विभागप्रमुखपद दुसऱ्याकडे गेलं. त्याबद्दल मी चाचरत माफी मागायला गेले, तर म्हणाले, "तू कशाला माफी मागायलीस? पेपर माझा होता."

नोकरी मिळाली. दोन-एक महिन्यांनी आमच्या कार्यालयासमोरच्या रांगेत हातात सीलबंद बाटली घेऊन खतीब सर उभे दिसले. कॉलेजच्या बोअरचं पाणी होतं. पोरं तेच पीत होती. मी खुर्ची द्यायला धावले, पण त्यांनी रांग सोडली नाही. तपासणी झाली आणि माझा पेन अडला. आपल्याच कॉलेजबद्दल, आपल्याच सरांच्या हातात, असं कसं लिहून द्यायचं? मी हळूच विचारलं, "सर, काय लिहू?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे भरून आल्यासारखे वाटले, की चष्म्याचीच काच तशी होती, सांगता येत नाही.

"आता मला इचारायचं न्हाई," ते म्हणाले. "आजपासून तू सांगायचं आन् आम्ही ऐकायचं."

मी 'पिण्यास अयोग्य' लिहिलं आणि खाली सही केली.